गाठ निघाली, तर खर्च किती? गोंदियाहून स्तनकर्करोगाच्या उपचाराचा हिशेब

स्तनातली गाठ कर्करोगाची आहे असे डॉक्टरांनी सांगितले की गोंदिया जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत त्याच संध्याकाळी दोन विषय निघतात : धानाची बांधी कोणाकडे गहाण ठेवायची आणि नागपूरला ओळखीचे कोण आहे. यातला पहिला विषय आठवडाभर पुढे ढकला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रोखरहित आहे. उपचारापूर्वी योजनेत नोंद झाली, तर रुग्णालयाला पैसे परस्पर मिळतात. तुम्ही आधीच खिशातून भरलेले पैसे मात्र योजना परत देत नाही. कर्ज काढून शस्त्रक्रिया उरकायची आणि मग पावत्या घेऊन रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाकडे, म्हणजे आरोग्यमित्राकडे, जायचे, या उलट्या क्रमाने किती घरे बुडाली असतील कोण जाणे.

दुसरी गोष्ट ऐकायला विचित्र वाटेल. या आजारात जीव वाचवणारा पैसा बहुतेक वेळा लाखांतला नसतो. तो तपासण्यांच्या पहिल्या काही हजारांत असतो, नागपूरच्या जाण्यायेण्यात आणि मुक्कामात असतो, आणि शेवटी दिवसाला काही रुपयांच्या एका गोळीत असतो. लाखांचा भाग बराचसा योजनेत बसतो. हे किरकोळ दिसणारे खर्च बसत नाहीत, आणि उपचार अर्धवट सुटतात ते इथेच.

उशीर किती महाग पडतो

देशातल्या लोकसंख्या-आधारित कर्करोग नोंदणी केंद्रांत २०१२ ते २०१५ या काळात नोंदलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांचा पाठपुरावा करून २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे टप्पे एकत्र धरले तर निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ६६ टक्के निघाले. रोग स्तनापुरताच असताना सापडला तर हेच प्रमाण ८१ टक्के होते. काखेपर्यंत, आसपास पसरल्यावर ते ६५ टक्क्यांवर आले. हाडे, यकृत, फुप्फुस अशा दूरच्या अवयवांत गेल्यावर सापडला तर १८ टक्के. ८१ आणि १८ यांच्यातली दरी कोणत्याही महागड्या औषधाने भरून निघत नाही.

निदानानंतरचा उशीरही तितकाच घातक. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये निघालेला निष्कर्ष असा की शस्त्रक्रिया दर चार आठवडे लांबली की मृत्यूची जोखीम सुमारे ६ ते ८ टक्क्यांनी वाढते. आता आपल्याकडचे वेळापत्रक आठवा. मृगात पऱ्हे टाकताना गाठ हाताला लागते. 'रोवणी आटोपू द्या' म्हणता म्हणता ऑगस्ट संपतो. मग गौरी-गणपती, मग हलक्या धानाची कापणी, मग दिवाळी. नोव्हेंबरात बाई नागपूरला पोचते तेव्हा पाच महिने गेलेले असतात. त्या काळात वाचलेली रोजी आणि वाढलेला उपचाराचा खर्च यांचा ताळा कोणी करत नाही.

एक दिलासा आधीच द्यायला हवा : स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते ठरवायचे काम तपासणीचे आहे, शेजारणीचे नाही. न दुखणारी कडक गाठ, कातडीवर खळी पडणे किंवा संत्र्याच्या सालीसारखी कातडी होणे, बोंड आत ओढले जाणे, बोंडातून रक्तासारखा स्राव, काखेत गाठ, यांपैकी काहीही नव्याने दिसले तर त्याच आठवड्यात दाखवा. दुखत नाही म्हणून घरी बसू नका. न दुखणे हेच या गाठीचे लबाड लक्षण आहे.

शून्य रुपयांची तपासणी

'आमच्याकडे मॅमोग्राफीचे यंत्र कुठे आहे?' ही तक्रार खरी असली तरी अर्धीच खरी. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये शहरातल्या गरीब वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक मोठा प्रयोग सुरू केला. निम्म्या स्त्रियांची स्तनतपासणी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने केली, दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांत रोग आधीच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशी गाठलेल्या व त्यापुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांच्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही. तरुण वयात नियमित तपासणीवर विसंबून भागत नाही, लक्षण दिसताच हलावे लागते, असा त्याचा अर्थ मी घेतो.

हीच हाताची तपासणी आज गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, तिशीवरच्या प्रत्येक स्त्रीसाठी मोफत आहे. रक्तदाब आणि मधुमेहाबरोबर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात येते. आशाताई घरी येऊन जो प्रश्नांचा फॉर्म भरतात, त्यात स्तनातल्या गाठीबद्दलही विचारणा असते. तिथे 'नाही, नाही, नाही' असे पटापट उरकू नका. फॉर्म भरला म्हणजे तपासणी झाली, असेही समजू नका. सिस्टर किंवा समुदाय आरोग्य अधिकारी यांनी प्रत्यक्ष हाताने तपासले का, हे बाईने स्वतः बघायचे. पुरुष डॉक्टरांपुढे संकोच वाटतो ही अडचण इथे फारशी येत नाही, कारण तपासणारी बहुधा बाईच असते.

पहिले काही हजार

गाठ लागल्यावर तीन गोष्टी व्हाव्या लागतात : डॉक्टरांची तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि सुईने तुकडा काढून बायोप्सी. वय चाळिशीच्या आत असेल तर सोनोग्राफी जास्त उपयोगी पडते. शासकीय रुग्णालयात हे फुकट किंवा नाममात्र शुल्कात होते. नागपूरच्या खासगी केंद्रांत मॅमोग्राफीला साधारण दीड ते तीन हजार, सोनोग्राफीला हजाराच्या आसपास, बायोप्सीला तीन ते सहा हजार धरून चला. त्याच तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-टू या तीन तपासण्या होतात. त्यांना आणखी तीन ते सहा हजार. केंद्रागणिक आकडे बदलतात, म्हणून दोन ठिकाणी फोन करून विचारणे सोपे.

या शेवटच्या तपासणीवर कधीही काटकसर करू नका. पुढचा सगळा हिशेब तिच्यावर ठरतो : रुग्णाला काही रुपयांची गोळी पुरेशी आहे, की लाखांचे इंजेक्शन लागेल, की केवळ किमोवर भिस्त ठेवायची. अहवाल नसताना डॉक्टर अंदाजाने गोळी सुरू करतात, आणि ती गोळी ज्या रोगाला लागूच पडत नाही त्यात वर्ष निघून जाते, असे होऊ नये.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. 'छोटीशी गाठ आहे, काढून टाकू आणि मग तपासायला पाठवू' असे कोणी सर्जन म्हणाले, तर नम्रपणे थांबा. आधी सुईने बायोप्सी, मग निर्णय. गाठ आधीच अर्धवट काढली गेली की कडेला रोग उरला का ते कळत नाही, जागा सापडत नाही, बरेचदा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते आणि स्तन वाचवण्याची शक्यताही कमी होते. दहा-वीस हजारांत उरकलेले हे काम पुढे दुप्पट वसूल करते.

दुसऱ्या टोकाला अनावश्यक तपासण्या आहेत. पीईटी स्कॅनला खासगीत दहा ते वीस हजार लागतात. गाठ लहान आहे, काखेत काही नाही, हाडे दुखत नाहीत, अशा सुरुवातीच्या रुग्णाला तो सहसा लागत नाही. 'हा स्कॅन केल्याने उपचार बदलेल का?' एवढा एकच प्रश्न डॉक्टरांना विचारा. उत्तर 'हो' असेल तर जरूर करा.

बायोप्सीचा मेणाचा ठोकळा आणि काचा प्रयोगशाळेतून मागून जपून ठेवा. दुसऱ्या रुग्णालयात गेल्यावर त्यांच्यावरच फेरतपासणी होते, पुन्हा सुई टोचावी लागत नाही. प्लास्टिकच्या डबीतल्या त्या ठोकळ्याची किंमत घरातल्यांना माहीत नसते आणि तो कचऱ्यात जातो.

जायचे कुठे, कसे

गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ पासून आहे. केटीएस रुग्णालय त्याला जोडलेले आहे. तिथे सर्जनकडे तपासणी आणि पहिला कागद होऊ शकतो. पण शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशन हे तिन्ही एका छताखाली हवे असतील तर रस्ता नागपूरचा : शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे मेडिकल, मानेवाडा रस्त्यावरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, मिहानमधले एम्स, जामठ्याचे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट. निवड करताना इमारत बघू नका. त्या ठिकाणी योजनेखाली शस्त्रक्रिया, औषधोपचार आणि रेडिएशन या तिन्हींना मान्यता आहे का, हे विचारा. एखादे रुग्णालय शस्त्रक्रियेसाठी योजनेत असते आणि रेडिएशनसाठी नसते. हे शस्त्रक्रियेनंतर कळले की धावपळ सुरू होते. रेडिएशनसाठी किती आठवड्यांची रांग आहे, हेही पहिल्याच भेटीत विचारून ठेवावे.

परळचे टाटा सगळ्यांच्या तोंडी असते. विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहूनच सुटते, त्यामुळे जाणे सोपे, राहणे अवघड. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती हे टाटाच्या रुग्णांचे जुने आधार आहेत, पण तिथेही जागेची वाट पाहावी लागते. माझे मत स्पष्ट आहे : साध्या, नेहमीच्या स्तनकर्करोगासाठी गोंदियाहून मुंबई गाठण्याची गरज क्वचितच असते. गुंतागुंत असेल तर एकदा सल्ला टाटाचा घ्यावा आणि उपचार नागपुरात करावेत. आठ किमोसाठी आठ वेळा मुंबईला जाण्यापेक्षा नागपूरचे सगळे किमो वेळेवर होणे कधीही मोलाचे.

आमगाव, सालेकसा, तिरोडा ही गावे मुख्य रेल्वेमार्गावर आहेत. अर्जुनी मोरगावकरांना बल्लारशाच्या लाइनवरून गोंदियाला यावे लागते. देवरी आणि सडक अर्जुनीला रेल्वे नाही, पण राष्ट्रीय महामार्ग दारातून जातो, त्यामुळे कोहमाऱ्यावरून एसटी बरी. गोंदिया ते नागपूर साधे तिकीट शंभर रुपयांच्या आत आहे. तरीही रेल्वेची सवलत घ्याच, कारण फेऱ्या खूप होतात. कर्करुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण सवलत आहे, दुसऱ्या वर्गात ७५ टक्के. सोबतच्या एका व्यक्तीलाही ७५ टक्के मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. ते पहिल्या दाखल होण्यातच मागून घ्या. एसटीत तर मार्च २०२३ पासून सर्वच स्त्रियांना निम्मे तिकीट आहे.

पाच लाखांचे छत्र आणि रेशन कार्डावरचे नाव

जोतिराव फुले योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढल्या वर्षी राज्यभर गेली. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. आता आयुष्मान भारतशी जोडून ते पाच लाख झाले आहे आणि पिवळे, केशरी, पांढरे, कोणतेही रेशन कार्ड चालते. स्तनाची शस्त्रक्रिया, किमोची आवर्तने, रेडिएशन हे सगळे तिच्यात येते. सुरुवातीच्या बाह्यरुग्ण तपासण्या, प्रवास, मुक्काम हे येत नाही.

अडते ते कागदावर. सून लग्न होऊन आली, पण नाव अजून माहेरच्या कार्डावर आहे. आधारवर वय एक, रेशन कार्डावर दुसरे. आपल्या जिल्ह्यात आणखी एक भानगड आहे : बालाघाट आणि राजनांदगावकडच्या सोयरिकी. बाई दहा वर्षे गोंदियात नांदते आहे, पण कागद मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडचे. फुले योजनेला महाराष्ट्राचे कागद हवेत. तिच्या माहेरच्या राज्यात तिचे आयुष्मान कार्ड निघाले असेल, तर ते मात्र देशभर संलग्न रुग्णालयांत चालते. हे सगळे निदानानंतर तहसीलच्या पुरवठा शाखेत खेटे घालत निस्तरण्यापेक्षा आजच कार्ड काढून नावे तपासा. ज्या घरी कोणाला काहीही झालेले नाही, त्या घराने हे आधी करावे.

रुग्णालयात गेल्यावर केसपेपर काढला की थेट आरोग्यमित्राच्या टेबलाशी जा. आधार, रेशन कार्ड, बायोप्सीचा अहवाल आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. पूर्वमान्यता यायला थोडे दिवस लागू शकतात. तेवढे थांबणे परवडते.

शस्त्रक्रिया, किमो, रेडिएशन

योजनेबाहेर, पूर्ण खासगीत गेलात तर शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशन मिळून तीन ते सहा लाखांची तयारी ठेवावी लागते, लक्ष्यवेधी इंजेक्शने सोडून. योजनेत बसलात तर प्रश्न पैशाचा कमी आणि निर्णयाचा जास्त असतो.

स्तन पूर्ण काढायचा की गाठीपुरता भाग काढून स्तन राखायचा? रोग सुरुवातीचा असेल तर जगण्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, हे वीस-वीस वर्षांच्या पाठपुराव्यांनी सिद्ध झाले आहे. पण स्तन राखला तर रेडिएशन घ्यावेच लागते. 'रोज नागपूरला कोण राहणार' म्हणून अनेकींचा स्तन काढला जातो. इथे विचारण्याजोगा एक प्रश्न आहे. पूर्वी रेडिएशन पाच आठवडे चालायचे. आता बहुतेकींना पंधरा-सोळा बैठकांत, म्हणजे तीन आठवड्यांत, तेवढाच परिणाम मिळतो. 'तीन आठवड्यांत होईल का?' असे विचारा. मुक्कामाचे दोन आठवडे वाचतात.

शस्त्रक्रियेआधी आणखी एक गोष्ट विचारता येते, आणि तिचा उगम मुंबईचाच आहे. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली टाटा रुग्णालयाने देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर एक चाचणी केली. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेनचे इंजेक्शन दिले. हे तेच दात काढताना देतात ते भुलीचे औषध. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधाची किंमत शंभर रुपयांच्या आसपास. कोणत्याही औषध कंपनीला यातून फायदा नसल्याने त्याची जाहिरात कोणी करत नाही. किमो आधी न घेता थेट शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णांवरची ही चाचणी आहे, म्हणून आपल्या सर्जनना विचारावे, हट्ट धरू नये.

किमोची आवर्तने ठरलेल्या तारखेला होणे हेच त्यातले निम्मे यश. केस जातात, तोंड येते, थकवा येतो. पण ताप १०० च्या वर गेला तर घरी बसायचे नाही, रात्र असो की दिवस. रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. सुरुवातीची आवर्तने नागपुरात झाल्यावर पुढची जवळ घेता येतील का, हेही विचारा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्राने तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत दिवसा उपचाराची कर्करोग केंद्रे उघडण्याचे जाहीर केले, त्यातली २०० पहिल्याच वर्षी. आपल्या जिल्ह्यातल्या केंद्राचा पाठपुरावा लोकप्रतिनिधींकडे करायला हरकत नाही. त्यांना रस्ते-पुलांखेरीज काहीतरी मागितल्याचा आनंद होईल.

लाखांचे इंजेक्शन

साधारण पाच-सहा रुग्णांमागे एकीची गाठ हर-टू पॉझिटिव्ह निघते. तिला ट्रॅस्टुझुमॅब लागते, दर तीन आठवड्यांनी एक, वर्षभर. २०१४ पासून भारतीय कंपन्यांनी त्याच्या प्रतिकृती आणल्यावर किमती बऱ्याच उतरल्या, तरी वर्षाचा खर्च लाखांत जातो. आधी योजनेत बसते का पाहा. बसले नाही तर छापील किमतीवर जाऊ नका. एकाच औषधाची छापील किंमत आणि प्रत्यक्ष मिळणारी किंमत यांत मोठा फरक असतो, म्हणून रुग्णालयाचे औषधालय, सवलतीच्या औषधांचे अमृत केंद्र आणि बाहेरचे घाऊक दुकान असे तिन्ही दर काढा. बिल आणि बॅच क्रमांकाशिवाय घेऊ नका.

आणि पैसे संपले म्हणून मुकाट्याने बंद करू नका. ब्रिटनमधल्या चार हजारांवर रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांचा कोर्स वर्षाच्या कोर्सच्या जवळपास बरोबरीने उतरला. वर्ष झेपत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगा. निर्णय त्यांचा, पण घरची परिस्थिती त्यांना माहीत असल्याशिवाय ते तो घेऊ शकत नाहीत.

काही रुपयांची गोळी

ज्यांची ईआर किंवा पीआर तपासणी पॉझिटिव्ह आहे त्यांच्यासाठी टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल. रोज एक गोळी, किमान पाच वर्षे, काहींना दहा. किंमत दिवसाला काही रुपये, जनऔषधी केंद्रात आणखी कमी. पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने अशा रुग्णांत पुढल्या पंधरा वर्षांतले स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात. रुपयामागे इतके आयुष्य देणारे दुसरे औषध या सगळ्या यादीत नाही.

आणि बंद पडते ते हेच. शस्त्रक्रिया झाली, केस परत आले, बाई रोवणीला जाऊ लागली. आता कशाला गोळी? अंगातून वाफा निघतात, सांधे दुखतात, म्हणून कोणी सोडते. पाकीट संपले आणि गोंदियाला जाणे झाले नाही, म्हणून कोणी सोडते. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम घ्या. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. टॅमॉक्सिफेन घेताना पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला तर लगेच दाखवा.

या सगळ्या वाटेत कुठेतरी 'ऑपरेशनशिवाय गाठ विरघळवतो' म्हणणारेही भेटतात. त्यांची फी हजार-दोन हजारच असते. खरा खर्च तिथे गेलेल्या महिन्यांचा.

घरचा हिशेब

आता ज्याचे बिल कोणी देत नाही तो खर्च. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. तीच धरू. आठ किमो, दर वेळी सोबतच्या माणसाचे दोन दिवस, म्हणजे १६ रोज्या : ४,९९२ रुपये. रेडिएशनचे तीन आठवडे, १८ रोज्या : ५,६१६. बाई स्वतः सात महिने कामावर नाही, महिन्याला २० रोज्या धरल्या तर ४३,६८०. प्रवास, नागपुरातले जेवण, खोली हे वेगळे. म्हणजे उपचार 'फुकट' होऊनही साठ-सत्तर हजार जातात. बचत गटाचे कर्ज किंवा नातेवाइकांची मदत घ्यायचीच असेल तर ती या खर्चासाठी राखून ठेवा, पहिल्या आठवड्यात खासगी रुग्णालयाच्या आगाऊ रकमेत घालवू नका.

याला जोड म्हणून काही दारे आहेत. कर्करोगाने कमावता न येणाऱ्या, वार्षिक २१ हजारांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या व्यक्तीला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळू शकतात. अर्ज तहसील कार्यालयात. योजनेत न बसणाऱ्या उपचारासाठी मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. उत्पन्नाची मर्यादा १ लाख ६० हजार. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक नावाचा माणूस असतो. मुक्कामाची धर्मशाळा, औषधाची देणगी, सवलतीचा फॉर्म हे त्याला माहीत असते. त्याला भेटल्याशिवाय वॉर्डातून परत येऊ नका.

योजनेत नोंद झाल्यावर रुग्णालयाने मंजूर उपचारासाठी पैसे मागितले तर पावती मागा. पावती देत नसतील तर तारीख, रक्कम आणि मागणाऱ्याचे पद लिहून ठेवा आणि आरोग्यमित्राला सांगून तक्रार करा. फुले योजनेचे मोफत क्रमांक १५५३८८ आणि १८०० २३३ २२०० आहेत, आयुष्मान भारतचा १४५५५. तिन्ही क्रमांक रेशन कार्डाच्या मागे लिहून ठेवा.